आमच्या शेजारी लिफ्ट आहे

गेल्या ऑगस्टमध्ये पाचवीच्या मराठीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून त्यांच्या तासाला मी गेले. प्राचार्या वर्गात आल्या की मुले उगाचच शहाण्यासारखी बसतात आणि मग काय शिकवावे हा प्रश्न आपल्यालाच पडतो. मी फळ्यावर 'आमचे शेजारी' असा विषय लिहिला आणि दहा ओळी लिहायला सांगितल्या. रात्री वह्या घेऊन बसले, तर एका मुलीची पहिलीच ओळ होती, "आमच्या शेजारी लिफ्ट आहे." पुढे लिहिले होते, "लिफ्टच्या पलीकडे एक घर आहे, पण त्याला कुलूप असते. खाली गार्डकाका आहेत. त्यांचे नाव मला माहीत आहे." तिथेच निबंध संपला होता. दहा ओळी काही भरल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ते वाचून दाखवले. सगळ्या हसल्या, मीही हसले. संध्याकाळी घरी जाताना मात्र खजराना चौराह्याच्या सिग्नलवर उभी असताना मनात आले, हा विषय कोणी मला दिला तर माझ्या तरी दहा ओळी भरतील का? आमच्या मजल्यावर चार फ्लॅट आहेत. एका घराशी येणेजाणे आहे. दुसऱ्या घरातल्यांना मी 'सातशे तीनवाले' म्हणून ओळखते. उरलेल्या घरात भाडेकरू बदलत असतात. जेवण पोचवणारा मुलगा चुकून आमची घंटी वाजवतो, तेव्हाच कळते की तिथे सध्या कोणीतरी राहते आहे.

माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी आणि शाळा-कॉलेजात हिंदी, हे आपल्या इंदूरच्या बहुतेक मराठी घरांत असतेच. (त्यामुळे या लेखात कुठे हिंदीचा वास आला तर मराठीच्या बाईंनी लाल पेन जरा बाजूला ठेवावे, ही विनंती.) आमच्या वेळी बारावीला 'महानगरीय जीवन : वरदान या अभिशाप' हा निबंध हमखास विचारला जाई. आम्ही तो पाठच करून ठेवला होता. आधी वरदान, मग अभिशाप, शेवटी उपसंहार. मुंबई-दिल्लीची नावे घालायची, गर्दी, धूर, एकटेपणा हे शब्द यायलाच हवेत. मला त्या निबंधाला दहापैकी आठ गुण मिळाले होते आणि तोवर मी इंदूरपेक्षा मोठे शहर एकही पाहिलेले नव्हते. इंदूरलाही कोणी एक दिवस महानगर म्हणेल, हे तर आमच्या मास्तरांच्याही मनात आले नसेल. आता त्या निबंधाच्या आतच मी राहते आहे, आणि आठ गुणांचे उत्तर मला जमत नाही.

मी जन्मले त्या सुमारास, १९७१ च्या जनगणनेत, इंदूरची वस्ती साडेपाच लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती वीस लाखांच्या जवळ गेली. पुढची जनगणना लांबली, पण आकडा काय येणार आहे ते रोज संध्याकाळी रिंगरोडवर दिसतेच. आसपासची २९ गावे महापालिकेत आली, ६९ वॉर्डांचे ८५ झाले. निपानियात आमची सोसायटी उभी आहे तिथे शेते होती, असे जुने लोक सांगतात. आम्ही २०१२ साली तिथे राहायला गेलो. यांची बँक देवास नाक्याकडे होती आणि आमच्या खिशाला परवडणारा तीन खोल्यांचा फ्लॅट तिकडेच मिळत होता. मोठे शहर कसे वाढते हे भूगोलाच्या पुस्तकात पुष्कळ लिहिलेले असते. माझ्या अनुभवाने सांगायचे तर ते घराच्या हप्त्याने वाढते. जिथे हप्ता झेपतो तिथे माणूस जातो, मग शाळा, आईबाप, देऊळ, भाजीवाली सगळे मागे राहते.

माझे बालपण नारायण बागेजवळच्या एका वाड्यात गेले. आठ बिऱ्हाडे आणि एक नळ. वडील एका कापड गिरणीत टाइमकीपर होते. गिरणीचा भोंगा हेच आमचे घड्याळ. शाळा, राजवाडा, वाचनालय, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, मामाचे घर, डॉक्टर, सगळे पायी जाण्याच्या अंतरावर. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झाँक्या निघत आणि आम्ही ओळखीच्या ओट्यावर रात्रभर बसून त्या बघत असू. तो ओटा कोणाचा आहे हे विचारायची गरज नसे. उन्हाळ्यात सगळी बिऱ्हाडे गच्चीवर झोपत. माळव्यातल्या रात्रीचे कौतुक सगळीकडे होते ते उगाच नाही. मे महिन्यातही पहाटे चादर ओढून घ्यावी लागे. आमच्या सातव्या मजल्यावरच्या भिंती आता रात्री बारापर्यंत गरम असतात.

पाण्याची गोष्ट मला चांगली आठवते. यशवंत सागर आणि बिलावली तलावावर शहराचे भागेना. नर्मदेचे पाणी आणा म्हणून १९७० मध्ये इंदूरकरांनी मोठे आंदोलन केले होते, ते आम्ही घरात ऐकत असू. १९७८ मध्ये ते पाणी आले. सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून पंपाने विंध्य चढवून आणलेले. मी आठ वर्षांची होते. वाड्यातल्या एका आजींनी त्या दिवशी नळाला हळदकुंकू वाहिले आणि सगळ्यांना साखर वाटली. आजही आपल्याकडे कोणी 'पाणी आले का' असे विचारत नाही, 'नर्मदा आली का' असेच विचारतो. एवढ्या लांबून, एवढ्या उंचावर नदी ओढून आणण्याची ऐपत मोठ्या शहराचीच. खेड्याने आणली असती का?

आणि याच नळाने २०२५ च्या डिसेंबरअखेरीस काय केले तेही लिहायला हवे. भागीरथपुऱ्यात पिण्याच्या पाण्यात गटाराचे पाणी मिसळले, माणसे दगावली, शेकडो आजारी पडली. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सातत्याने पहिला नंबर मिळवणाऱ्या आपल्या शहरात हे झाले. शाळेपासून ती वस्ती फार लांब नाही. तरी मला ती बातमी टीव्हीवरून कळली. आमच्या वाड्यात कोणाला जुलाब लागले तर संध्याकाळपर्यंत आठ घरांत पाणी उकळायला ठेवले जाई. आता पाणी सगळ्यांचे एकच आहे, पण हाक तेवढी लांब पोचत नाही. त्या बाजूची दोन मुले आपल्या शाळेत आहेत. ती ठीक आहेत हे फोन करून विचारून घेतले तेव्हा कुठे माझा जीव खाली पडला.

इथे एक जुनी हकीकत सांगण्याचा मोह होतो. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस नावाच्या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदूरला बोलावले होते. १९१८ मध्ये त्यांचा इंदूरवरचा अहवाल दोन खंडांत निघाला. दिवस प्लेगचे होते. गेडिस यांनी काय करावे? एका दिवसासाठी महाराजांचे अधिकार मागून घेतले आणि दिवाळीची मिरवणूक काढायचे ठरवले. मिरवणूक कोणत्या रस्त्याने जाणार, तर ज्या रस्त्यावरच्या लोकांनी घरे-अंगणे सर्वांत स्वच्छ केली असतील त्या रस्त्याने. लोकांनी गाड्याच्या गाड्या कचरा बाहेर काढला. मिरवणुकीत प्लेगचा भलामोठा उंदीर होता. जुन्या गल्ल्या सरसकट पाडून रुंद रस्ते करण्याच्या ते विरोधात होते. गल्लीत जिथे अडचण आहे तेवढीच कापावी, बाकीची वस्ती जगू द्यावी, असे त्यांचे म्हणणे. आठवी-नववीच्या मुलांना मी ही गोष्ट दरवर्षी सांगते. उंदीर त्यांना फार आवडतो. गल्लीचा भाग ऐकताना त्यांचे लक्ष नसते, कारण त्यांच्यातल्या निम्म्यांनी गल्ली पाहिलेलीच नाही.

आता वाड्याचे एवढे गुणगान केले, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर माझी आईच वरून रागावेल. वाड्यात कोणतीच गोष्ट खाजगी नसे. कोणाकडे किती दूध येते, कोणाच्या सुनेला दिवस गेले नाहीत, कोण कोणाशी बोलत होते, सगळ्याची नोंद जिन्याखाली होत असे. मी बी.एस्सी.ला सायकलने जायला लागले. एकदा प्रॅक्टिकलच्या वहीसाठी वर्गातल्या एका मुलाशी रस्त्यात पाच मिनिटे थांबून बोलले, तर ती पाच मिनिटे माझ्याआधी घरी पोचली होती. आठ दिवस सायकल बंद. गिरणीतल्या एका साथीदाराला वडिलांनी घरी जेवायला आणले तेव्हा त्याची जात विचारून झाली, आणि तो गेल्यावर नळाभोवती जी कुजबुज झाली ती माझ्या कानांवर अजून आहे. त्याच आजी, ज्यांनी नर्मदेला हळदकुंकू वाहिले होते.

बी.एड. झाल्यावर मला पहिली नोकरी विजयनगरच्या एका लहान शाळेत मिळाली. तेव्हा विजयनगर म्हणजे शहराबाहेर गेल्यासारखे वाटे. टेम्पोत कोंबून जावे लागे. पहिला पगार झाला त्या दिवशी आम्ही सहाजणी चौकातल्या ठेल्यावर पाणीपुरी खात उभ्या होतो, मोठमोठ्याने हसत होतो आणि माझ्या लक्षात आले की इथे मला कोणी ओळखत नाही. कोणाची मुलगी, कुठल्या वाड्यातली, कोणी विचारणार नाही. त्या पाणीपुरीची चव मी अजून विसरलेले नाही. मोठ्या शहराचे आकर्षण काय, असे कोणी विचारले तर मला सराफ्यातली रात्रीची गर्दी किंवा छप्पन दुकान आठवत नाही, तो ठेला आठवतो.

आपल्या शाळेत एक मावशी आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. खरगोन जिल्ह्यातल्या एका खेड्यातून त्या लहान मुलीला घेऊन इंदूरला आल्या तेव्हा नुकत्याच विधवा झाल्या होत्या. मी एकदा विचारले, गावची आठवण येत नाही का? म्हणाल्या, "मॅडम, वहाँ सब अपने थे, इसीलिए तो आना पडा." मुलगी आता भंवरकुआँला लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करते. तिथे तिच्यासारखी किती मुले-मुली एकेका खोलीत राहून अभ्यास करतात! त्या मुलीला तिचे पूर्ण नाव, गाव, बाप कोण हे विचारणारा अजून कोणी भेटलेला नाही, भाड्याचे तेवढे विचारतात. मावशींपुढे मी 'शहरात माणुसकी राहिली नाही' असे म्हणायचे धाडस कधी करणार नाही.

आणि माझ्या घरचेच सांगते. गिरणी १९९१ साली बंद पडली. वडिलांची देणी अडकली. १९९४ मध्ये त्यांच्या छातीत दुखू लागले. डॉक्टरांनी तपासून सांगितले, मुंबईला न्यावे लागेल, इथे ते होणार नाही. वाड्यातल्या आठही बिऱ्हाडांनी पैसे काढले. ज्यांची चूल जेमतेम पेटत होती त्यांनीसुद्धा. एकांनी बायकोच्या पाटल्या आणून आईच्या हातात ठेवल्या. अवंतिका एक्सप्रेसची तिकिटे काढली. ज्या दिवशी निघायचे त्याच्या आदल्या रात्री वडील गेले. पन्नास पावलांत सगळी माणसे होती, पण जे हवे होते ते आठ बिऱ्हाडांच्या वाड्यात कुठून असणार? ते साडेपाचशे-सहाशे किलोमीटरवर होते.

वाडा २०१४ मध्ये विकला गेला आणि आई आमच्याकडे निपानियाला आली. २०१६ च्या पावसाळ्यात एका रात्री दीडच्या सुमारास तिलाही तेच दुखणे. मी फोन केला, अँब्युलन्स आली, मोकळ्या रिंगरोडवरून दवाखान्यात पोचलो आणि पहाटे चारच्या आत तिच्या हृदयात स्टेंट बसला होता. मजल्यावरच्या कोणालाही कळले नाही. सकाळी सातशे तीनवाल्यांनी लिफ्टमध्ये 'गुड मॉर्निंग' म्हटले, मीही म्हटले. आई त्यानंतर सात वर्षे जगली. शहर फोफावले, पैसा आला, मोठे दवाखाने आले, म्हणून मला माझी आई सात वर्षे जास्त मिळाली. वडिलांच्या वेळी शहर असे असते तर? हा प्रश्न आला की माझे सगळे गल्लीप्रेम गप्प होते.

पण त्या सात वर्षांत आईला काय मिळाले, तेही मीच पाहिले आहे. सकाळी आम्ही दोघे बाहेर पडलो की ती गॅलरीत खुर्ची घेऊन बसे. खाली माणसे बोटाएवढी दिसत. संध्याकाळी मी आले की विचारायची, "आज कोणी आलं होतं का?" घरी तीच असायची, आणि विचारायची मला. सुरुवातीला मी हसत असे. मग कळले की तिला, रस्त्यात कोणी भेटले का, कोणाची काही खबर आहे का, असे विचारायचे असे. मी कुठून खबर आणणार? हेल्मेटच्या आत मला कोण भेटणार?

२०१८ च्या दिवाळीआधी एक दिवस मी शाळेतून आले तर घराला कुलूप. शेजारी विचारले, कोणाला माहीत नाही. गार्डने सांगितले, माताजी ई-रिक्षात बसून गेल्या. माझे हातपाय गळाले. पाऊण तासाने फोन आला, नारायण बागेच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून. तो दुकानदार म्हणजे जुन्या शेठजींचा मुलगा, आता स्वतःच साठीचा. म्हणाला, "ताई, माँजी यहाँ बैठी हैं, चाय पी रही हैं, आप आराम से आना." आई वाडा बघायला गेली होती. वाड्याच्या जागी पाच मजली इमारत आहे हे तिला माहीत होते, तरी गेली. शेठजींच्या मुलाने तिला ओळखले, खुर्ची दिली, माझा नंबर तिच्याकडे नव्हता तर शाळेचा नंबर शोधून मला गाठले. मी धावतपळत पोचले तेव्हा ती मजेत बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'काय गं, कोणाची तू?' असे विचारत होती. मला म्हणाली, "एवढी काय घाबरलीस? मी काय परगावी गेले होते?"

परत येताना आम्ही दोघी मागच्या सीटवर काही बोललो नाही. पलासियाच्या जवळ वाहतूक अडकली होती. तिने एकदाच विचारले, "अजून इंदूरच आहे का गं हे?"

माझा मुलगा बंगळुरूला नोकरी करतो. त्याला हे सांगितले तर तो म्हणतो, आई, इंदूर काय मोठे शहर आहे? तो ऑफिसला जायला-यायला दिवसाचे तीन तास घालवतो. त्याच्या हिशेबाने मी खेड्यात राहते. असेलही. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा हा साडेअकरा किलोमीटरचा बीआरटीएस सुरू झाला तेव्हा मला वाटले होते, सुटलो. आयबसला स्वतःचा रस्ता होता. मी पुष्कळ दिवस गाडी विजयनगरला लावून तिने प्रवास केला, वह्यासुद्धा तपासल्या. २०२५ मध्ये तो मार्ग काढायला सुरुवात झाली. त्याच वर्षी ३१ मे रोजी मेट्रो सुरू झाली, सुपर कॉरिडॉरवर, सुमारे सहा किलोमीटर. पहिल्या दिवसांत लोक पोरेबाळे घेऊन नुसते बसायला गेले, आम्हीही गेलो. गाडी छान आहे. पण तिच्यात बसण्यासाठी आधी आख्खे शहर ओलांडावे लागले होते.

पालकहो, आता शाळेकडे येते, कारण हा लेख लिहायला घेतला तो त्यासाठीच.

मी १९९८ मध्ये आपल्या शाळेत रुजू झाले तेव्हा पहिलीच्या दोन तुकड्या होत्या आणि बहुतेक मुले चालत येत. रामबाग, लोधीपुरा, मल्हारगंज, जेल रोड, इथलीच. सुट्टीत आया डबे घेऊन फाटकाशी उभ्या राहत आणि त्यांच्या गप्पा ऐकून मुले मराठी शिकत. आम्ही वर्गात शिकवत होतो ते व्याकरण. खरी मराठी फाटकावर होती. आपल्याकडे मराठी हा एक विषय आहे, शाळेचे माध्यम नाही, हे आपण जाणताच. त्यामुळे फाटकाला फार महत्त्व होते. आता फाटकावर व्हॅन उभ्या असतात. लोक सुदामानगरला गेले, मग राऊला गेले, बायपासपलीकडे गेले. मीच गेले, तर दुसऱ्यांना काय बोलू? राऊकडून येणारा एक सहावीतला मुलगा सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी व्हॅनमध्ये बसतो. डबा व्हॅनमध्येच संपतो, झोपही तिथेच होते. त्याची आई मला म्हणाली, "मॅडम, याच्या आजोबांची शाळा म्हणून पाठवते आहे. पण किती वर्षं?" मी तिला काही उत्तर देऊ शकले नाही. पहिलीची आता एकच तुकडी आहे आणि तीही भरायला जुलै उजाडतो.

गेल्या वर्षी संस्थेच्या बैठकीत हा विषय निघाला. काहींचे म्हणणे, ही जागा सोन्याच्या भावाची आहे, विकावी आणि बायपासला मोठे पटांगण असलेली शाळा बांधावी; मुले जिथे आहेत तिथे शाळा गेली पाहिजे. काहींचे म्हणणे, ही इमारत गेली की इंदूरच्या मराठी माणसाची शेवटची ओळखीची जागा गेली. दोन्हीकडचे लोक तळमळीने बोलले. मला मत विचारले. मी म्हणाले, विचार करून सांगते. खरे तर माझे मत त्याच दिवशी तयार होते, ते सांगायची हिंमत झाली नाही. आज सांगते. बायपास म्हणजे एक जागा नव्हे. निपानियाच्या मुलाला राऊ जेवढे लांब, तेवढीच राऊच्या मुलाला निपानिया. कुठेही शाळा नेली तरी तीन बाजूंच्या मुलांना व्हॅन आहेच. चालत येण्याचे अंतर आता या शहरात कुठेच विकत मिळणार नाही. मग जी जागा सगळ्यांना सारखीच लांब आहे आणि जिचा पत्ता शेठजींच्या मुलालाही माहीत आहे, ती का सोडावी? माझे हे मत चुकीचेही असू शकेल. पुढच्या दहा वर्षांचा पट पाहून जे हिशेब मांडतात ते माझ्यापेक्षा हुशार आहेत. आणि पट असाच घटत राहिला तर माझे मत धरून शिक्षकांचे पगार निघणार नाहीत, हेही मला कळते.

तोवर एक छोटी गोष्ट आम्ही सुरू केली आहे. नोव्हेंबरपासून दर शनिवारी संध्याकाळी चार ते साडेपाच, एकेका भागातल्या सोसायटीत जाऊन मराठीचा वर्ग घेतो. पहिला वर्ग आमच्याच सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये झाला. मी लिफ्टमध्ये कागद चिकटवला होता. कोणी येईल याची खात्री नव्हती. आठ मुले आली. त्यातली पाच आपल्या शाळेचीही नव्हती. सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपनीत काम करणारे नागपूरकडचे एक जोडपे आपल्या दोन मुलींना घेऊन आले आणि स्वतःही सतरंजीवर बसले. एक मल्याळी मुलगा मैत्रिणीबरोबर आला होता, तो आता सगळ्यांत स्वच्छ 'ळ' म्हणतो. आणि आठवे मूल म्हणजे सातशे तीनवाल्यांची नात. त्या घरातल्या सूनबाई अमरावतीच्या आहेत, हे मला तेरा वर्षांनी त्या दिवशी कळले. माझ्या आईला गप्पा मारायला एक दार सोडून कोणी होते, आणि आम्ही सात वर्षे लिफ्टमध्ये इंग्रजीत 'गुड मॉर्निंग' म्हणत राहिलो. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

ज्या मुलीच्या शेजारी लिफ्ट आहे ती महालक्ष्मीनगरला राहते. तिच्या आईने त्यांच्या इमारतीतली खालची खोली जानेवारीपासून द्यायचे कबूल केले होते, तो वर्गही आता सुरू झाला आहे. सुदामानगरला एका माजी विद्यार्थ्याने ओसरी दिली आहे. राऊकडे मात्र अजून जागा मिळालेली नाही, आणि तो सहा-दहाच्या व्हॅनवाला मुलगा तिकडचा आहे. पंधरा-वीस मुले बसतील एवढी खोली, शनिवारी दीड तास, एवढेच हवे आहे. सतरंज्या आणि फळा आम्ही आणू. शक्य असल्यास जागा तळमजल्यावर असावी. मागच्या महिन्यात एका ठिकाणी लिफ्ट बंद होती, तेव्हा मराठीच्या बाई आणि मी फळा उचलून पाच मजले चढलो. तिसऱ्या मजल्यावर एका आजींनी दार उघडून आम्हाला पाणी दिले आणि विचारले, "आप लोग किसके यहाँ जा रहे हो?"